मेघमळा घरी

कुलूप उघडल्यापासून वास येईपर्यंत चार सेकंद लागत. ऋतुजाने ते मोजलं होतं, एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी मिळून अकरा वेळा. उन्हाळ्यात साडेतीन, थंडीत सव्वाचार, सरासरी चार. आधी जळक्या साखरेचा वास यायचा, पाक जरा जास्त तापला की येतो तसा. त्यामागून पाणी मारलेल्या सिमेंटचा. आणि अगदी शेवटी, लक्ष दिलं तरच कळेल असा, वंगणाचा. तेवढ्यात छतातून आकाशपाळण्याची धून सुरू व्हायची आणि ऋतुजाचे खांदे सैल पडायचे.

मोजणं हा तिचा पेशाच होता. संगमनेरच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती चौदा वर्षं दूध तपासत होती. टँकर आला की नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, पाणी बघायचं, नोंद करायची. नमुना पास किंवा नापास. तिसरा रकानाच नव्हता.

त्या दिवशी ती घरात शिरली तेव्हा जुई जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. बारा वर्षांची, लांब हातापायांची, शाळेचा गणवेश अजून अंगावर.

"शाळा कशी झाली?"

"छान."

"गणिताचे पेपर मिळाले का?"

"मिळाले."

"किती?"

"नऊ. पन्नासपैकी." जुईने मान वर करून हसून पाहिलं. "डब्यातली भेंडी छान होती."

ऋतुजाने पर्स खुंटीला अडकवली. इथे आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. राग, काळजी, निदान आश्चर्य. ती थांबून वाट पाहत राहिली. वरून पाळण्याची धून येत होती. दर सातव्या फेरीला त्या धुनेत किर्र असा बारीक आवाज यायचा, तसा तो आला. वहीतून नजर न काढता जुईने उजव्या हाताचं बोट छताकडे उचललं आणि खाली घेतलं.

फोन वाजला. सिन्नरहून ताराआत्या, म्हणजे ऋतुजाच्या नवऱ्याची, हर्षलची आत्या. वय सत्तर, आवाज खणखणीत.

"ऋतुजा, वर्षश्राद्धाची तिथी पुढच्या मंगळवारी येतेय. लक्षात आहे ना?"

"हो आत्या. गुरुजींना सांगितलंय. तुम्ही सोमवारीच या."

"मी येणार नाहीये. तेच सांगायला फोन केला."

"का हो?"

"का म्हणून विचारतेस वर? माझा सख्खा भाऊ गेला. तेराव्याला तुमच्याकडे आले तेव्हा डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं माझ्या. उंबरा ओलांडला मात्र, आणि काय सांगू बाई, लग्नघरात आल्यासारखं झालं मला. बुंदीचा लाडू मागून घेतला मी. मागून! वर म्हटलं, आणखी एक दे. सगळी पंगत हसत होती."

"हो. आठवतंय."

"मग परतीच्या गाडीत बसले. नांदूर शिंगोट्याला गाडी थांबली आणि असा हंबरडा फुटला की सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. कंडक्टर बिचारा विचारतो, आजी, पाकीट मारलं का कोणी? तुझ्या त्या मशिनला विचार, मला माझ्या भावासाठी रडायचंय, परवानगी आहे का. हो म्हणालं तर येते."

फोन बंद झाला. ऋतुजाने तो टेबलावर पालथा ठेवला आणि भात लावायला आत गेली.

*

दोन वर्षांपूर्वी, जुईच्या दहाव्या वाढदिवसाला, ते चौघं घोटीच्या पुढच्या डोंगरात 'मेघमळा'ला गेले होते. पाण्याच्या लाटा, हवेतली गाडी, धुक्यातून निघणारा भुयारी रस्ता, आणि मधोमध सहा मजली उंचीचा आकाशपाळणा. दारात प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधायचे. ऋतुजाने बांधून घेतला, तिच्या नवऱ्याने, हर्षलने घेतला, जुईने तर दोन मागितले. आप्पांनी, म्हणजे हर्षलच्या वडिलांनी, हात मागे घेतला.

"पट्टा बांधायला मी काय मोत्या कुत्रा आहे? तुम्ही जा. मी इथं बसतो."

आप्पा, म्हणजे भास्कर कडलग, एसटीच्या आगारात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. ते आकाशपाळण्यासमोरच्या बाकावर बसले, तासभर ऐकत राहिले, आणि जुई खाली उतरल्यावर म्हणाले, "बेअरिंग गेलंय त्याचं. दर सात फेऱ्यांनी किर्र करतंय. ऐक." जुई ऐकायला बसली. सातव्या फेरीला किर्र झालं. दोघांनी एकदम बोट वर केलं.

घरी परतल्यावर पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. कोणाला काही झालं नव्हतं, फक्त घर फिकं दिसत होतं. जुई सकाळी दप्तर न भरता खिडकीत उभी राहायची. हर्षल आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून यायचा आणि न बोलता जेवायचा. हे असंच होतं, हे मेघमळावाल्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची जाहिरातच होती: 'सहलीनंतरचा मंगळवार आमच्यावर सोडा.' त्या महिन्यात ते यंत्र घरात आलं. नाव होतं 'मेघमळा घरी'.

यंत्रामागचं विज्ञान ऋतुजाने मुळातून वाचलं होतं. वाचल्याशिवाय ती घरात साबणसुद्धा आणत नसे.

आठवण दगडावर कोरलेली नसते. ती पुन्हा आठवली की ओल्या मातीसारखी मऊ होते, साधारण सहा तास तशीच राहते आणि मग परत सुकते. त्या सहा तासांत आजूबाजूला जे असेल ते तिला चिकटतं. हे पूर्वीपासून माहीत होतं. मेघमळावाल्यांनी त्यातून धंदा उभा केला. मनगटावरच्या पट्ट्याने नोंदलं होतं की कोणाचं काळीज कोणत्या क्षणी आनंदात होतं, आणि त्या क्षणी हवेत कोणता वास, कोणता आवाज, कसला उजेड होता. तो वास, तो आवाज, तो उजेड घरात सोडला की सहलीचा दिवस मनात ओला होतो. मग त्या ओल्या आनंदाला भांडी घासणं चिकटतं, गृहपाठ चिकटतो, कपड्यांच्या घड्या चिकटतात. तीन आठवड्यांत घरच सहलीसारखं वाटू लागतं.

दुसरी गोष्ट छतातल्या वाटीएवढ्या पांढऱ्या डोळ्याची. तो स्पर्श न करता छातीची हालचाल आणि नाडी पाहायचा. घरातल्या कोणाची नाडी सहलीच्या लयीबाहेर गेली की वासाची मात्रा वाढायची. नाडी बिघडल्यापासून वास नाकात जाईपर्यंत चार सेकंद.

ऋतुजाचा पट्टा तपासल्यावर एक गंमत निघाली होती. तिचा सगळ्यांत आनंदाचा क्षण पाळण्यातला नव्हता, लाटांतलाही नव्हता. बाकीचे रांगेत उभे असताना ती आप्पांशेजारी बाकावर ओले पाय पसरून बसली होती. दोघं काहीच बोलत नव्हते. ती साडेचार मिनिटं.

पहिले सहा महिने चांगले गेले, हे तिने स्वतःशी कधी नाकारलं नाही. हर्षल शीळ घालत घरी यायचा. जुई दारातून आत येता येता चाळीस गोष्टी सांगायची. चादरीच्या घड्या घालताना तिघं एकमेकांच्या अंगावर चादर टाकून पळायची. आप्पा आरामखुर्चीतून बघत म्हणायचे, "घरात रोज जत्रा, आणि भाकरी मात्र तीच." धुनेत तो किर्र आवाजही आलाच होता, कारण त्या दिवशी तो हवेत होता. आप्पा छताकडे बघून ओरडायचे, "अरे, तेल घाला रे त्याला कोणीतरी!" आजोबा-नातीचं बोट एकदम वर जायचं.

नंतर हळूहळू जुईच्या चाळीस गोष्टींच्या वीस झाल्या, मग पाच. हर्षलची शीळ थांबली, तो नुसता हसऱ्या चेहऱ्याने बसू लागला. ऋतुजाला कारण ठाऊक होतं. चढ असेल तरच उतार जाणवतो. सतत सारख्या उंचीवर चालणाऱ्याला आपण डोंगरावर आहोत हे कळत नाही. तिला हे समजत होतं, फक्त त्याचं काही वाटत नव्हतं.

*

आप्पा गेले त्या संध्याकाळची नोंद यंत्रात होती. ऋतुजाने ती महिनाभराने उघडून पाहिली.

आठ वाजून सात मिनिटं. तिघं जेवत होते. आप्पा लवकर जेवून मागच्या खोलीत आडवे झाले होते. त्यांनी हाक मारली, "हर्षल, छातीत कसंतरी होतंय रे." हाक तिघांनीही ऐकली. तिघांच्या नाड्या चढल्या, तिघांच्याही, पडद्यावर तीन रेघा एकदम वर गेलेल्या दिसत होत्या. चार सेकंदांनी जळक्या साखरेचा वास आला. आठ वाजून आठ मिनिटांनी तिन्ही रेघा खाली, सपाट.

"आलो हं आप्पा," हर्षल म्हणाला होता.

मग त्यांनी ताकभात संपवला. जुईने लोणचं मागितलं. ऋतुजाने वाढलं. ताटं उचलून मोरीत ठेवली. आठ वाजून एकोणीस मिनिटांनी हर्षल मागच्या खोलीत गेला.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लगेच आणलं असतं तरी फरक पडला असता असं सांगता येत नाही. त्यांनी ते समजूत घालायला म्हटलं होतं. समोर समजूत घालण्यासारखं कोणी नाही, हे पाहून ते जरा थबकले.

त्या दिवसाच्या नोंदीखाली यंत्राने शेरा दिला होता: 'संध्याकाळ उत्तम.'

आप्पांच्या हाती पट्टा नव्हता. यंत्राच्या हिशेबी घरात माणसं तीन होती.

सुतक त्यांनी व्यवस्थित पाळलं. कडलगांच्या घरी ते कडक असतं. दहा दिवस देवापुढे दिवा नाही. टीव्हीवर चादर टाकलेली. स्वयंपाकात फोडणी नाही, तळण नाही, नुसतं वरण-भात आणि भाकरी. फोडणीची पळी ओट्यावर पालथी घातलेली. तेल तापल्याचा, मोहरी तडतडल्याचा आवाज घरातून जाता कामा नये. गेलेल्या माणसाला घर सुनं झालेलं कळायला हवं, असं आप्पाच सांगायचे, आजीच्या वेळी. हर्षलने डोकं भादरलं. दहाव्याला नदीवर विधी झाला. सगळं रीतीप्रमाणे झालं. काय काय बंद ठेवायचं याची ताराआत्याने फोनवरून यादी दिली होती, तीत छतातल्या यंत्राचं नाव नव्हतं. ते कुठल्याच रीतीत बसत नव्हतं, म्हणून कोणाच्या मनातही आलं नाही. दहा दिवस ते बिनफोडणीचं वरण जळक्या साखरेच्या वासात जेवले. दहा दिवस माणसं येऊन आप्पांची आठवण काढत होती, आठवण ओली होत होती, आणि तिला आकाशपाळणा चिकटत होता.

तेराव्याला घरात चाळीस माणसं जमली आणि बुंदी तळली गेली. गर्दी आणि तुपाचा वास पाहून यंत्राने आपण होऊन मात्रा सणाची केली. सणाच्या मात्रेला स्वतःची सहल लागत नसे, ती पाहुण्यांनाही चढायची.

ऋतुजाने त्यानंतर ते बंद करायचं ठरवलं होतं. म्हणजे, प्रयोगशाळेतल्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं: 'यंत्र बंद करणे. जुईची सहामाही झाल्यावर.' त्याखाली, 'दिवाळीनंतर.' त्याखाली, 'संक्रांतीनंतर पाहू.' मग तारखा नव्हत्या, नुसतंच 'पाहू', चार वेळा. दुधाच्या नमुन्यापुढे तिने जन्मात कधी 'पाहू' लिहिलं नव्हतं. पण निर्णय घ्यायला आतून काहीतरी टोचावं लागतं, आणि टोचलं की चार सेकंदांत वास यायचा.

*

शनिवारी सकाळी वार्षिक देखभालीला कंपनीची बाई आली. नसरीन शेख, चाळिशी उलटलेली, खांद्याला जड पेटी, नाकावर कापडी पट्टी. आल्या आल्या तिने यंत्र थांबवलं, शिडी मागितली आणि वर चढली. ऋतुजा शिडी धरून उभी राहिली. हर्षल जुईला घेऊन बाजारात गेला होता.

"तुम्ही तोंडाला पट्टी का लावता?" ऋतुजाने विचारलं.

"दिवसाला सहा घरं करते ताई. सहा घरांच्या सहली नाकात गेल्या तर संध्याकाळी माझं घर कुठलं ते सापडायचं नाही."

"तुमच्याकडे नाहीये का हे?"

"नाही हो. नवरा म्हणत होता, कर्मचाऱ्यांना सवलत आहे, घेऊया. मी म्हटलं, तुला खूश ठेवायला मशिन लागत असेल तर मी काय करतेय वीस वर्षं?" ती एकटीच हसली. मग खाली बघून विचारलं, "इथं तीनच माणसं नोंदलेली आहेत. पण मागच्या खोलीत बरेच दिवस चौथं कोणी दिसतंय. वर्षभरापूर्वीपर्यंत."

"सासरे होते. त्यांनी पट्टा बांधला नव्हता."

"मग ते पाहुणे धरले गेले. पाहुण्यांची नाडी हे मोजत नाही." नसरीनने ऋतुजाकडे पाहिलं. "होते म्हणालात."

"हो."

"हे चालू असताना गेले?"

"हो."

नसरीन दोन पायऱ्या उतरून शिडीवरच बसली. नाकावरची पट्टी तिने खाली ओढली.

"बंद केलं तर काय होतं?" ऋतुजाने विचारलं. दुधात युरिया किती हे विचारावं तशा आवाजात.

"मला कंपनीने सांगायला दिलंय की दोन-तीन दिवस घर फिकं वाटेल."

"आणि तुम्ही काय पाहिलंय?"

"जे व्हायचं राहून गेलंय ते होतं. ओझरला एक घर आहे. मुलीचं लग्न झालं तेव्हा हे चालू होतं, पाठवणीला आई हसत होती. वर्षाने मशिन काढलं. बाई तीन दिवस स्वयंपाकघरात बसून रडली. चौथ्या दिवशी मुलीला फोन लावून कडाकडा भांडली, वर्षभर आली का नाहीस म्हणून. आता बरं आहे त्यांचं." ती उठली. "पण ती पोरगी जिवंत होती ताई. तुमचं मी काय सांगू?"

तिने नवी नळकांडी बसवली, आवाजाची नवी फीत चढवली, यंत्र सुरू केलं. जाताना सही घेताना म्हणाली, "एक सुधारणा आहे. त्या धुनेत किर्र आवाज यायचा ना, पाळण्याचा? खूप घरांतून तक्रारी होत्या. काढून टाकलाय. आता एकदम साफ."

ऋतुजाने सही केली.

*

संध्याकाळी साडेसातला ते जेवायला बसले. पिठलं-भाकरी होती. पिठल्यावर वरून लसणाची फोडणी घातलेली. हर्षलने कांदा बुक्कीने फोडला. छतातून धून सुरू होती. ऋतुजा नकळत फेऱ्या मोजत होती. पाच. सहा.

सातव्या फेरीला जुईचं बोट वर गेलं.

ते अर्ध्यातच थांबलं. किर्र झालं नव्हतं. जुईने बोटाकडे पाहिलं, मग छताकडे. तिने घास ताटात ठेवला आणि पुढच्या सात फेऱ्या न हलता ऐकल्या. चौदाव्याला पुन्हा काही नाही.

"ते बेअरिंग कुठे गेलं?" ती म्हणाली.

"कुठलं बेअरिंग?" हर्षलने विचारलं.

"आप्पांचं."

वर्षभरात जुईने विचारलेला, उत्तर 'छान' असू न शकणारा, तो पहिला प्रश्न होता. जुईचा खालचा ओठ किंचित बाहेर आला होता, लहानपणी पडल्यावर यायचा तसा. ऋतुजा त्या ओठाकडे पाहत होती. एक, दोन, तीन, चार. वास आला. ओठ आत गेला. जुईने घास उचलला.

"आज कंपनीच्या बाई आल्या होत्या," ऋतुजा म्हणाली. "त्यांनी तो आवाज काढून टाकला. लोकांना खटकत होता."

"मला नव्हता खटकत," जुई म्हणाली. हे ती हसून म्हणाली, पण म्हणाली.

ऋतुजाच्या मनात गणित मांडलं गेलं, वहीत मांडावं तसं, सरळ रेघेत. पोरीने आप्पांचं नाव घेतलं. म्हणजे आठवण आत्ता उघडी आहे, ओली आहे. दीडपर्यंत ओली राहील. गेल्या वर्षी ती ज्यात सुकली तेच पुन्हा तिला चिकटणार, नाहीतर दुसरं काही. आणि जे एकदा चिकटवता येतं ते दुसऱ्यांदा दुसऱ्या रीतीनेही चिकटवता येतं. खाली काही शिल्लक आहे की सगळं पुसलं गेलंय, एवढंच तिला वर्षभर माहीत नव्हतं. आता तो ओठ तिने पाहिला होता. नमुना हाती आला होता.

"हर्षल, आपण हे थांबवायला हवं," ती म्हणाली. पण तो ठराव नव्हता. 'पाहू'च्या जातीचंच वाक्य होतं ते, आणि हर्षलने ते तसंच घेतलं.

"वर्षश्राद्ध होऊ दे. मग बघू."

"आत्या येणार नाहीयेत श्राद्धाला."

"तिचं काय, ती येते शेवटी."

"त्या म्हणतात, या घरात त्यांना रडू येत नाही."

हर्षलने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. तो सावकाश बोलला, चेहरा शांत, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसा. "मी पण ती नोंद पाहिलीय, ऋतुजा. आठ सातची. तू पाहिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. उघडलेली तारीख दिसते त्यात."

"मला बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?" तो म्हणाला. "बारा मिनिटं आहेत ती. मी 'आलो हं' म्हणालो आणि भात कालवला. आत्ता मला ते नुसतं माहीत आहे. मोबाइल नंबर माहीत असतो तसं. हे बंद झालं की ते मला कळेल. मी वर्गात पोरांसमोर उभा असेन, हातात वेल्डिंगची बंदूक असेल, आणि मला कळेल." त्याने जुईकडे पाहिलं. "आणि हिला. लोणचं हिने मागितलं होतं."

जुई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "आप्पांनी हाक मारली होती ना?"

"हो बाळा."

"मी ऐकली होती."

"आम्हीही ऐकली होती."

"मग आपण गेलो का नाही?"

धून फिरत होती, स्वच्छ, तेल घातल्यासारखी, आणि ती इतकी स्वच्छ होती की त्या बाकावरचा म्हातारा माणूस तिच्यात कुठेच उरला नव्हता. ऋतुजाला ती साडेचार मिनिटं आठवली. ओले पाय. शेजारी आप्पांचा श्वास, तंबाखूचा. पट्ट्याने नोंदलेल्या तिच्या सगळ्यांत सुखाच्या क्षणातला तोच एक वास यंत्राने घरी कधी सोडला नव्हता, कारण तंबाखूला उद्यानात मनाई होती आणि आप्पांनी तो चोरून लावला होता.

छातीत काहीतरी उसळलं. खरोखरीचं, जड, दुखणारं. वर पांढऱ्या डोळ्यात बारीक हिरवा ठिपका पेटला. त्याने तिची नाडी पाहिली होती. आता कुठेतरी झडप उघडणार, साखर निघणार.

एक.

तिने फोडणीची लोखंडी पळी उचलली. ती अजून कोमट होती, तळाशी लसणाची करपलेली पाकळी चिकटलेली.

दोन.

ती पळी तिने टेबलाच्या मधोमध पालथी घातली, गेल्या वर्षी दहा दिवस ओट्यावर घातली होती तशी. हर्षलने पळीकडे पाहिलं. त्याला समजलं. त्याने "नको" म्हणायला तोंड उघडलं. जुईचा ओठ पुन्हा बाहेर आला होता.

तीन.

"आजपासून दहा दिवस," ऋतुजा म्हणाली, आणि आपला आवाज कापतोय हे तिला वर्षभरात प्रथमच ऐकू आलं, "या घरात फोडणी पडणार नाही. आणि वरचं यंत्रही बंद."